लग्न झालं, मतदान कार्ड माहेरचं. ग्रामपंचायतीला सासरी मत द्यायचं तर काय करावं?

कपाशीवाली (ता. राळेगाव)

सर्वांना नमस्कार.

माझं माहेर वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात आणि सासर यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात. मागच्या मे महिन्यात लग्न झालं. मतदान कार्ड माहेरच्या पत्त्याचं, माहेरच्याच नावाचं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला मी तिथेच मत दिलं.

इकडे आमची गट ग्रामपंचायत आहे. एक मोठं गाव, एक लहान गाव आणि कोलाम पोड (कोलाम आदिवासींची वस्ती) मिळून. मागची निवडणूक १५ जानेवारी २०२१ ला झाली होती, म्हणजे पाच वर्षं भरली. पुढची कधी लागते याची पारावर रोज चर्चा असते. जिल्हा परिषदेची तर फेब्रुवारी २०१७ नंतर झालीच नाही. माझा नवरा २६ वर्षांचा आहे आणि त्याने जिल्हा परिषदेला अजून एकदाही मत दिलेलं नाही.

मला हे आत्ताच करून घ्यायचं आहे, त्याचं कारण सांगते. मागच्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीच्या जागेचा विषय होता. टाकी पोडाच्या बाजूने व्हावी असं आम्हा बचत गटातल्या बायांचं म्हणणं होतं, कारण उन्हाळ्यात सगळ्यात दुरून पाणी त्याच बाया आणतात. हात वर करायची वेळ आली तेव्हा मला सांगितलं, "तुमचं नाव गावच्या यादीत नाही, तुमचा हात धरता येत नाही." माझ्यासारख्या आणखी काही सुना होत्या, त्यांचेही हात खाली गेले. आम्ही इथेच राहतो, इथलंच पाणी भरतो, आमची लेकरं इथल्याच अंगणवाडीत जाणार. नाव नाही म्हणून बोलता येत नसेल तर नाव लावायला जे लागेल ते करायची माझी तयारी आहे.

तालुक्याच्या एका सेवा केंद्रात विचारलं तर म्हणाले, निवडणूक लागू द्या, मग या, तेव्हा करून देऊ. हे बरोबर आहे का? माहेरचं नाव आधी कमी करून आणावं लागतं का? आधारवर अजून माहेरचाच पत्ता आहे आणि घरचं लाईट बिल मामाजींच्या (सासऱ्यांच्या) नावाने येतं.

घरातले आणखी दोन प्रश्न आहेत. दिराला सप्टेंबर २०२५ मध्ये १८ पूर्ण झाली, तो यवतमाळला आयटीआयला आहे, तिथे खोली करून राहतो. आणि सासूबाईंचं नाव मागच्या वेळी भलत्याच प्रभागात निघालं. बाकी सगळं घर एका प्रभागात, त्या एकट्या दुसऱ्या. त्यांनी उन्हात दोन्ही केंद्रांवर चकरा मारल्या आणि शेवटी मत न देता घरी आल्या. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

ऑनलाइनवाला (ता. कळंब)

वहिनी, सोपं आहे. नवीन नावासाठी फॉर्म ६ असतो, तो भरून टाका. मोबाईलवर होतो. जुनं नाव नंतर आपोआप कटते.

निवृत्त गुरुजी (जि. यवतमाळ)

वरच्या भावाने मदतीच्या हेतूने लिहिलं आहे, पण ताई, फॉर्म ६ भरू नका. तो पहिल्यांदा नाव लावणाऱ्यांसाठी आहे. तुमचं नाव यादीत आधीच आहे, त्यामुळे तुम्हाला फॉर्म ८ लागतो.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होतो आणि बीएलओचं, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम बरीच वर्षं केलं. गावोगावी एकच गोष्ट दिसायची: पोराचं नाव अठरा लागल्याबरोबर यादीत, सुनेचं मात्र माहेरी कमी होत नाही आणि सासरी लागत नाही. नंतर तिचं पोर शाळेत जायला लागतं तरी कागदावर ती माहेरचीच. म्हणून तुम्ही लग्नाच्या पहिल्याच वर्षी हे विचारलं याचा मला फार आनंद झाला. थोडं सविस्तर लिहितो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. "निवडणूक लागू द्या, मग या" हा सल्ला ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या बाबतीत साफ चुकीचा आहे. लोकसभा-विधानसभा घेतो भारत निवडणूक आयोग. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर परिषद या निवडणुका घेतो राज्य निवडणूक आयोग. पण राज्य आयोग स्वतःची वेगळी यादी तयार करत नाही. तो एक तारीख ठरवतो, त्या तारखेला विधानसभेच्या यादीत जी नावं असतील तीच उचलतो आणि प्रभागाप्रमाणे फोडतो. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांसाठी १ जुलै २०२५ ही तारीख धरली होती. २ जुलैला ज्याचं नाव लागलं, त्याला त्या यादीत जागा नाही. प्रारूप (कच्च्या) यादीवर हरकती मागवतात तेव्हा लोक अर्ज घेऊन तहसीलला धावतात, "आमचं नाव घ्या" म्हणतात. तिथे नवीन नाव घेताच येत नाही. नाव एका प्रभागातून दुसऱ्यात गेलं, विधानसभेच्या यादीत आहे पण प्रभागाच्या यादीत सुटलं, लिहिताना चूक झाली, एवढंच तिथे दुरुस्त होतं. विधानसभेच्या वेळी उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत नाव लावता येतं, त्यामुळे लोकांच्या डोक्यात तेच बसलेलं असतं.

म्हणून तुमच्या ग्रामपंचायतीची तारीख जाहीर व्हायच्या आत, या महिन्यातच अर्ज टाका. आणि अर्ज टाकला म्हणजे झालं असं नाही, ठरलेल्या दिवशी नाव यादीत चढलेलं असलं पाहिजे.

आता फॉर्म ८. माहेरी जाऊन काहीही कमी करून आणायची गरज नाही. ऑगस्ट २०२२ पासून पत्ता बदलला, मग मतदारसंघ तोच असो की दुसरा, फॉर्म ८ च भरायचा. भारत निवडणूक आयोगाच्या ॲपवर किंवा मतदार पोर्टलवर भरता येतो. मोबाईलवर जमत नसेल तर बीएलओकडे कागदी अर्ज द्या, त्याला एक रुपयाही लागत नाही. जुन्या कार्डाचा नंबर टाका, "निवास बदल" निवडा, मग "मतदारसंघाच्या बाहेर" निवडा, कारण तुम्ही हिंगणघाट मतदारसंघातून राळेगाव मतदारसंघात येत आहात. अर्ज मंजूर झाला की तिकडची नोंद कमी होते. कार्डाचा नंबर तोच राहतो.

फॉर्म ६ का नको, तेही सांगतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ आणि १८ प्रमाणे एका माणसाचं नाव दोन ठिकाणी किंवा एकाच ठिकाणी दोनदा असू शकत नाही. फॉर्म ६ वर "माझं नाव दुसरीकडे नाही" अशा अर्थाचं निवेदन असतं आणि त्यावर तुम्ही सही करता. खोट्या निवेदनाला कलम ३१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कोणाचं मन वाईट नसतं, पण सही तुमची जाते.

पत्त्याच्या कागदाकडे नीट लक्ष द्या. कागद स्वतःच्या, आई-वडिलांच्या, नवऱ्याच्या किंवा सज्ञान मुलाच्या नावाचा चालतो, आणि ज्याच्या नावाचा कागद त्याचं नाव त्याच पत्त्यावर यादीत आधीच हवं. सासऱ्यांचा उल्लेख त्यात नाही. त्यामुळे मामाजींच्या नावाचं लाईट बिल लावलं तर अर्ज अडकू शकतो. नवऱ्याचं आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, त्याच्या नावाचा सातबारा, यातलं जे असेल ते लावा. तुमच्या आधारवरचा पत्ता बदलून झाला तर सगळ्यात उत्तम, पण त्याची वाट पाहत अर्ज थांबवू नका. अर्जात नवऱ्याचा कार्ड नंबरही लिहा, म्हणजे तुमचं नाव त्याच यादी भागात, त्याच घरात पडेल.

नाव बदलायचं असेल तर त्यासाठी दुसरा फॉर्म ८ लागतो, कारण एका अर्जात एकच काम निवडता येतं. आधी पत्ता बदलून घ्या, तो मंजूर झाला की नावाच्या दुरुस्तीचा टाका, सोबत विवाह नोंदणीचा दाखला लावा. माहेरच्या नावाने मत द्यायला काही अडचण नाही, तेव्हा नावासाठी पत्त्याचं काम मागे ठेवू नका. नाव बदलायचंच नसेल तर तोही तुमचा अधिकार आहे.

अर्ज टाकल्यावर एक संदर्भ क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. अर्ज हरकतीसाठी सात दिवस ठेवावा लागतो, मधल्या काळात बीएलओ घरी येऊन खात्री करतो. इथेच कपाशीच्या दिवसांत घोळ होतो. बीएलओ अकरा वाजता येतो, घराला कुलूप, सगळे वावरात. "पत्त्यावर आढळले नाही" असा शेरा पडतो आणि अर्ज जातो. आपल्या बीएलओचा नंबर ॲपवर किंवा १९५० या क्रमांकावर विचारून मिळतो. त्यांना स्वतः फोन करा, कोणत्या वेळी घरी असाल ते सांगा.

दिराचा फॉर्म ६. पूर्वी १ जानेवारी हीच एक तारीख होती, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत. सप्टेंबरमध्ये १८ झाली म्हणजे १ ऑक्टोबर २०२५ ला तो पात्र झाला. वयासाठी दहावीची गुणपत्रिका किंवा जन्मदाखला, पत्त्यासाठी वडिलांच्या नावाचं लाईट बिल त्याला चालेल. शिकायला बाहेर राहणाऱ्या पोराचं घर गावातच धरलं जातं, तेव्हा त्याचं नाव गावात लावायला काही अडचण नाही.

सासूबाईंचं काम मात्र आत्ता होत नाही. त्यांचं नाव विधानसभेच्या यादीत बरोबर आहे का एवढं आत्ता पाहा: घर क्रमांक, वय, स्पेलिंग. प्रभाग तेव्हा कळेल, जेव्हा ग्रामपंचायतीची प्रारूप यादी लागेल. ती ग्रामपंचायतीत आणि तहसीलला लावतात. हरकतीला दिवस थोडे असतात. त्याच दिवशी जाऊन पूर्ण घराची नावं स्वतः वाचा, फक्त "आहे ना?" असं विचारून परत येऊ नका. चुकलं असेल तर घरातल्या इतरांचे यादी क्रमांक लिहून तहसीलदारांच्या नावे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. घरातलं एकच नाव दुसऱ्या प्रभागात असेल तर चूक दाखवायला सोपी जाते. ज्या गावात पोड, तांडा किंवा नवीन वस्ती रस्त्यापलीकडे आहे, तिथे अशा चुका नेहमी होतात, कारण हद्द नकाशावर असते आणि यादी फोडणाऱ्याला घरं माहीत नसतात.

ग्रामसभेत तुम्हाला जे सांगितलं ते कायद्याला धरून आहे. गावच्या मतदार यादीतली माणसं म्हणजेच ग्रामसभा. म्हणून तर हे नाव पाच वर्षांतून एकदाच कामाला येतं असं मी मानत नाही.

चाकणहून (मूळ गाव ता. पुसद)

गुरुजी, आमच्यासारख्यांचं काय? मी कंपनीत कंत्राटी आहे, आई-वडील, बायको, वावर सगळं गावात. सोयाबीन काढायला आणि दिवाळीला जातोच. इथला घरमालक म्हणतो नाव इकडे लाव, गावातले म्हणतात तिकडेच ठेव, दोन्हीकडचे म्हणतात दोन्हीकडे असू दे.

निवृत्त गुरुजी (जि. यवतमाळ)

दोन्हीकडे कदापि नको, वर लिहिलं ते तुम्हालाही लागू आहे. कायदा "सर्वसाधारण रहिवास" पाहतो. कामासाठी तात्पुरतं बाहेर राहिल्याने गावचा रहिवास जात नाही, आणि नुसतं गावात घर आहे म्हणून रहिवास ठरतही नाही. तुमचं कुटुंब गावात आहे, तुम्ही परत जाता, तेव्हा गावचं नाव योग्य आहे. उद्या बायको-मुलांसह चाकणलाच बिऱ्हाड केलं, मुलं तिथल्या शाळेत घातली, तर नाव तिकडे न्यावं. तिथल्या रस्त्या-पाण्यावर तुमचा हक्क लागेल. मतदानासाठी भरपगारी सुट्टी किंवा सवलत देण्याबद्दल सरकार निवडणुकीच्या वेळी परिपत्रक काढतं, ते कंपनीत दाखवा.

माजी मेंबर (ता. दारव्हा)

वो बाई, गुरुजीनं कागदाचं सांगतलं, मी मतदानाच्या दिवसाचं सांगतो. पाच वर्षं मेंबर होती मी.

मतदान सकाळी साडेसातले सुरू होते अन् साडेपाचले बंद. गडचिरोली-गोंदियाकडच्या काही भागात तीनलेच बंद होते. वेचणी चालू असन तर बाया सकाळीच वावरात जातात अन् येतवरी सांज होते. आमच्या गावात आम्ही वेचणीच्या बायाईले आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सांगतलं होतं, पहिले मत, मंग वावर. मालकायलेबी सांगतलं. पोडावरच्या बायाईले तर जरूर सांगजा, केंद्र दूर असते त्यायचं. साडेपाचच्या आत रांगेत उभं राह्यलं का चिठ्ठी भेटते, मंग कितीबी वेळ लागो, मत देता येते. बंद झालं म्हणून कोणी वापस लावलं तर जाऊ नका.

ग्रामपंचायतीले एकच मत नसते. प्रभागात तीन जागा असन तर तीन मतं, अन् सरपंचाचं वेगळं. २०२१ ले सरपंच मेंबरायनं निवडला होता, २०२२ पासून लोकंच थेट निवडतात, म्हणून तुमच्या सासूबाईलेबी हे नवीनच रायते. हरेक जागेचा कागद वेगळ्या रंगाचा असू शकते. हरेक जागेले एक बटन. लय बाया एक बटन दाबून निंगतात, मशीन वाजतच नाही, मंग अधिकारी वापस बोलावते अन् त्या घाबरून जातात. सगळी मतं झाली का मंगच लांब आवाज येते. एखाद्या जागेले कोणीच पसंत नसन तर "वरीलपैकी कोणीही नाही" दाबजा. अन् विधानसभेले बाजूले चिठ्ठी दिसे, तशी पेटी इथं नसते, ते पाहत उभं राहू नका.

कार्ड हरपलं तरी आधार, जॉबकार्ड, फोटोवालं पासबुक चालते. यादीत नावच नसन तर कार्ड असून फायदा नाही. सासूबाईले नीट दिसत नसन तर अठराच्या वरचा सोबती नेता येते, केंद्राध्यक्षाले पहिले सांगा लागते. अन् तुमच्या नावावर कोणी आधीच मत टाकून गेलं असन तर रडत घरी येऊ नका. "प्रदत्त मत द्या" म्हणा, ओळख पटली का वेगळी मतपत्रिका देतात. एका बाईचं असं झालं होतं, मी तिच्यासंग उभी राह्यली अन् तिनं मत देल्लं.

कपाशीवाली (ता. राळेगाव)

गुरुजी, ताई, खूप खूप आभार. रात्रीच फॉर्म ८ भरला, नवऱ्याचं पासबुक लावलं, संदर्भ क्रमांक मिळाला. दिराला व्हिडिओ कॉलवर बसवून त्याचाही फॉर्म ६ केला. बीएलओ म्हणजे आमच्या अंगणवाडीच्याच ताई निघाल्या, फोन केल्यावर म्हणाल्या की सकाळी आठच्या आत येते.

बचत गटाच्या बैठकीत सगळं वाचून दाखवलं. मी एकटीच नाही, पुष्कळ जणींचं नाव माहेरी आहे. रविवारी बीएलओ ताई गटाच्या बैठकीलाच यायला तयार झाल्या आहेत. सगळ्यांनी नवऱ्याच्या नावाचा कागद आणि जुनं कार्ड घेऊन यायचं असं ठरलं.

त्यात एकीचं माहेर तेलंगणात, आदिलाबादकडे आहे. कार्डही तिकडचंच. तिलाही फॉर्म ८ च का? आणि अर्ज नाकारला गेला तर पुढे कुठे जायचं?

निवृत्त गुरुजी (जि. यवतमाळ)

हो, राज्य दुसरं असलं तरी फॉर्म ८ च. कार्ड नंबर टाकला की देशातली कुठलीही नोंद संगणकावर सापडते. फक्त तिच्या कार्डावरचा आणि आधारवरचा नावाचा इंग्रजी स्पेलिंगचा फरक आधी पाहून घ्या, तेलंगणात घराण्याचं नाव पुढे लिहितात आणि इकडे मागे, त्यावरून अर्ज अडतो. फरक असेल तर बीएलओ ताईंना रविवारीच दाखवा.

नाकारला तर कारण लेखी मागा. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, तिथेही झालं नाही तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. बहुतेक वेळा अपिलाची वेळ येत नाही, कागद कमी पडलेला असतो. तो जोडून पुन्हा अर्ज टाकला की काम होतं.

रविवारच्या बैठकीत आणखी एक करा. घरातल्या वारलेल्या माणसांची नावं यादीत राहिली असतील तर मृत्यूचा दाखला लावून फॉर्म ७ द्या. घरच्या माणसाचं नाव खोडायला जीव धजावत नाही, हे मी दारादारांत पाहिलं आहे. पण त्या नावावर दुसरं कोणी मत टाकू नये म्हणून ते कमी करायलाच हवं.